मटण सोडलंय, मसाला नाही सोडलेला

श्रावण तोंडावर आला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो, वर्षभर कोलंबी नि खिमा विचारणारी मंडळी एकदम 'मटणासारखं काहीतरी सांगा पण मटण नको' वर येतात. यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वस्तूवर आहेत, सोयाबीनच्या वड्या. कुणी सोया चंक्स म्हणतं, कुणी न्यूट्रेला म्हणतं कारण ब्रँडचं नावच वस्तूला चिकटलंय, आणि बारीक दाणेदार असेल तर सोया खिमा. म्हणून या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही घणसोली गावातले, आगरी. सासऱ्यांनी कार्तिकीला आळंदीला जाऊन माळ घातली, तेव्हापासून त्यांचं मटण मच्छी सगळं बंद. त्यांची भांडी पण वेगळी केलीत. रविवारी आमच्यासाठी मटण होतं आणि त्यांना डाळभात, ते काही बोलत नाहीत पण मला ते बघवत नाही. तीनदा वड्यांचा रस्सा केला. 'बरा झालाय गो बाय' म्हणतात आणि दोन वड्या खाऊन बाकीच्या ताटात कडेला सारतात. मी पण खाऊन बघितलं, वडी चावली की आतून नुसतं पाणी येतं, रस्सा पातळ आणि वर तर्रीचा पत्ता नाही. मटणाचा करते तस्साच केला होता, मसाला पण घरचाच. काय चुकतंय?
– एक सून, घणसोली

उत्तर : अगं तुझं चुकलं ते एवढंच, की मटणाचा करतेस तस्साच केलास. मटण शिजताना देतं आणि वडी शिजताना घेते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. मटणाची चरबी सुटते ती वर येऊन तर्री होते, हाडातलं उतरतं त्याने रस्सा दाट होतो, म्हणजे निम्मं काम तुझ्या हाताशिवाय पातेल्यातच होत असतं. वडीत चरबी जवळजवळ नसतेच, १०० ग्रॅमला एक ग्रॅम पण नाही, आणि हाड तर नाहीच, त्यामुळे तू घातलेलं तेल पण तीच पिऊन टाकते आणि रस्सा उघडा पडतो.

आता पाण्याचं. तू वड्या भिजवल्यास आणि थोड्याफार दाबून थेट रश्श्यात टाकल्यास ना? मग त्या साध्या पाण्याने आधीच भरलेल्या होत्या, मसाल्याला आत जायला जागाच नव्हती. वडी म्हणजे आतून जाळी आहे, स्पंजासारखी, रिकामी केलीस तरच भरेल. सगळा खेळ पिळण्यात आहे. पाण्याला उकळी आली की चांगलं चमचाभर मीठ घाल, वड्या टाक, गॅस बंद कर आणि दहा पंधरा मिनिटं झाकून ठेव. मग गाळून थंड पाण्यात दोनदा धू, त्याने तो कच्चट वास पण जातो, आणि नंतर थोड्या थोड्या मुठीत घेऊन पिळ, नुसत्या दाबू नकोस, पिळ, एक थेंब येईनासा होईपर्यंत. मोठ्या वड्या असतील तर पिळल्यावर अर्ध्या काप, नाहीतर मधला भाग पांढरा आणि अळणीच राहतो.

पिळल्या की लगेच मसाला, तेव्हाच ती तहानलेली असते. आलं लसणाची गोळी, हळद, तुमचा आगरी मसाला, मीठ, दोन चमचे दही आणि चमचाभर तेल लावून अर्धा तास ठेव, आणि मग रश्श्यात नाही, आधी कढईत तेलावर परत. कडा लालसर होऊन थोड्या कडक लागायला लागल्या पाहिजेत, ही पायरी बहुतेक जणी गाळतात आणि मग वडी रबरासारखी लागते म्हणतात. वाटण तुझं नेहमीचंच, भाजलेला कांदा नि सुकं खोबरं, फक्त खोबरं नेहमीपेक्षा थोडं जास्त घे आणि वाटताना एक चमचा डाळं टाक, हाडाची कमी तिथे भरून निघते. वाटणाला तेल सुटेपर्यंत परतायचं, घाई करायची नाही. पाण्याऐवजी अख्खे मसूर शिजवून त्यांचं वरचं पाणी वापरलंस तर रश्श्याला अंग येतं, हे मी कित्येक वर्षं करतेय. रस्सा चांगला उकळला की मग परतलेल्या वड्या, बटाट्याच्या फोडी टाकायच्या असतील तर त्या आधी शिजवून घे, आणि मंद आचेवर दहा बारा मिनिटं, बास. कुकर अजिबात लावू नकोस, लगदा होतो. गॅस बंद करून वीसेक मिनिटं झाकून ठेव, तेवढ्यात ती रस्सा ओढून घेते. तर्री वेगळी करायची, दोन चमचे तेल कडकडीत तापवून गॅस बंद करायचा, क्षणभर थांबून त्यात मसाला सोडायचा म्हणजे जळत नाही, आणि वरून ओतायचा.

ते कांदा लसूण खातात का ते तू लिहिलं नाहीस. काही माळकरी तेही सोडतात. तसं असेल तर वाटण खोबऱ्याचं आणि आल्याचं कर, टोमॅटो चांगला आटवून घे आणि फोडणीत हिंग जरा सढळ हाताने घाल, पण मग मसाल्याच्या डब्याकडे पण बघ, घरच्या मसाल्यात लसूण कुटलेला असतो बऱ्याच ठिकाणी.

आणि एक गोष्ट विचारते, रागावू नकोस. तू त्यांना विचारलंयस का, की त्यांना मटणासारखं लागणारं हवंय का? माझ्या चुलत्यांनी माळ घातली तेव्हा काकूने दोन वर्षं जीव तोडून वड्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी ते म्हणाले अगं मला ती आठवणच नको, तू वाल वांगं कर. बिचारी रडली होती त्या दिवशी. काहींना उलट असतं, चव हवी असते फक्त जीव नको असतो. तुझे सासरे कुठल्या बाजूचे ते त्यांनाच माहिती, तेव्हा एकदा जवळ बसून विचार. मला विचारशील तर मटणाचा आव आणायचाच नाही, वाटण, मसाला, सोबत तांदळाची भाकरी, लिंबू कांदा सगळं रविवारचं थाटात वाढायचं. त्यांनी मटण सोडलंय, तुमच्या घरचा मसाला नाही सोडलेला. आणि रविवारी पहिल्यांदा त्यांच्या भांड्यात त्यांचा रस्सा कर, मग तुमचं, डाळभात उरल्यासुरल्या वेळात टाकल्यासारखा होतो ना तो होणार नाही.

प्रश्न : मुलगा एकवीस वर्षांचा, जिमला जातो. पॅकेटवर ५२ ग्रॅम प्रोटीन वाचल्यापासून रोज दीडशे ग्रॅम वड्या उकडून नुसत्या मीठ मिरपूड टाकून खातो आणि बाकी जेवण कमी केलंय. पोट सारखं फुगलेलं असतं. त्याच्या मित्राने त्याला सांगितलं की सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात, तेव्हापासून तो पण घाबरलाय आणि मी पण. मला स्वतःला थायरॉइडची गोळी चालू आहे, मी खाल्लं तर चालेल का?
– एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आधी भीतीचं बोलू. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात, त्यांची रचना बायकांच्या इस्ट्रोजेन हार्मोनशी थोडी मिळतीजुळती आहे, एवढ्यावरून ही गोष्ट पसरली. पण पुरुषांवर झालेले बरेच अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये तपासले गेले आणि पुन्हा २०२१ मध्ये जास्त अभ्यास घेऊन तपासले गेले, दोन्ही वेळा निष्कर्ष हाच की सोया खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषांच्या मुख्य हार्मोनवर, काही परिणाम दिसत नाही. तेव्हा त्या मित्राचं मनावर घेऊ नका.

पण दीडशे ग्रॅम मात्र जास्त आहे हो. ते ५२ ग्रॅम कोरड्या वड्यांचे आहेत, १०० ग्रॅम कोरड्याचे. भिजून त्याच वड्या अडीच ते तीन पट जड होतात, म्हणून शिजलेल्या शंभर ग्रॅममध्ये साधारण १७ ते २१ ग्रॅमच येतं, हा हिशोब जिमवाली मुलं कायम चुकवतात, कुणी कमी खातं आणि कुणी तुमच्या लेकासारखं कोरडं मोजून डोंगर खातं. दीडशे ग्रॅम कोरड्या वड्या म्हणजे पंचाहत्तरच्या वर ग्रॅम प्रोटीन तर झालंच, पण त्याबरोबर वीसेक ग्रॅम चोथा पण पोटात गेला, आणि सोयाबीनमधल्या काही साखरा अशा असतात की त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, पुढे जाऊन आंबतात आणि गॅस धरतो. पोट फुगतंय ते त्यामुळेच. भिजवलेलं पाणी टाकून दिलं आणि नीट पिळलं तर या साखरा बऱ्याच निघून जातात, तो उकडलेलं पाणी सूप म्हणून पीत असेल तर ते आजच बंद करायला सांगा.

माझं म्हणणं, दिवसाला तीस ते पन्नास ग्रॅम कोरड्या पुरेत. तीस ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम प्रोटीन, अडीच अंड्यांएवढं. उरलेलं डाळ, दही, उसळ, अंडं खात असेल तर अंडं, यातून येऊ दे. आणि पोळी भाकरी सोडू नको म्हणावं. सोयाचं प्रोटीन चांगल्या प्रतीचं आहेच, पण त्यात मेथिओनिन हा प्रोटीनमधला एक घटक जरा कमी असतो आणि लायसिन हा दुसरा भरपूर, ज्वारी गव्हात नेमकं उलटं, म्हणून भाकरीबरोबर खाल्लं की दोन्ही जुळतं. आणखी एक, सोयाबीनमध्ये बी १२ नसतं. घरात दूधदुभतं अंडं काहीच नसेल तर ते वेगळं घ्यावं लागतं, डॉक्टरांना विचारून.

तुमच्या गोळीचं. सोया खाल्ल्याने गोळी अंगात कमी शोषली जाते असं होऊ शकतं, त्यामुळे गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेता तीच वेळ ठेवा आणि वड्या दुपारी किंवा रात्री खा, मध्ये काही तास जाऊ द्या. तुमच्या डॉक्टरांना मात्र एकदा सांगून ठेवा की आता आठवड्यातून इतक्या वेळा खाते, म्हणजे पुढच्या तपासणीत ते बघतील.

प्रश्न : वय ७९. नातसून दर आठवड्याला या वड्या करते. चवीला ठीक आहेत, पण झाडाला लागत नाही, शेतात दिसत नाही अशी ही वस्तू नक्की आहे काय? कारखान्यात बनते म्हणतात. आमच्या वेळी नव्हती. खाऊ का नको?
– एक आजोबा, कळवा

उत्तर : आजोबा, नमस्कार करते. शेतात दिसते, म्हणजे तिचं मूळ दिसतं. लातूरकडे, वाशीमकडे कधी गेलात तर मैलोगणती सोयाबीनच असतं, आज देशातलं बहुतेक सोयाबीन मध्य प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातच होतं. तुमच्या लहानपणी नव्हतं हे पण खरंच, आपल्याकडे ते पसरलं १९७० नंतर.

त्या दाण्यातून आधी तेल काढतात, तेच आपलं सोयाबीन तेल. मोठ्या कारखान्यात हे तेल द्रावक, म्हणजे तेल विरघळवणारं रसायन, वापरून ओढून घेतात आणि मग ते द्रावक उष्णतेने उडवून टाकतात. मागे जो भाग राहतो त्यात प्रोटीन भरपूर, त्याचं पीठ करतात. हे पीठ पाण्यात मळून एका यंत्रात घालतात, आत मोठा स्क्रू फिरतो, आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखा समजा पण प्रचंड दाबाचा आणि शंभर अंशाच्या वर तापलेला. पीठ त्या दाबात वितळल्यासारखं होऊन लांब लांब धाग्यात ओढलं जातं आणि तोंडाच्या भोकातून बाहेर आलं की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ते फुलतं. कुरमुरा फुलतो ना भट्टीत, तसंच. ती फुललेली जाळी म्हणजे वडी, आणि ते धागे दाताला लागतात म्हणून मटणाचा भास होतो. नंतर कापून सुकवतात. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलँड या कंपनीने १९६० च्या दशकात हे तंत्र बसवलं, टेक्श्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन हे नावही त्यांचंच.

तेव्हा प्लॅस्टिक वगैरे काही नाही, निर्धास्त खा. फक्त दातांचा त्रास असेल तर नातसुनेला बारीक दाण्याचा खिमा आणायला सांगा, आणि किडनीचा आजार सांगितलेला असेल तर प्रोटीन किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारायचं, तिथे माझं ऐकू नका. एवढं कौतुकाने करून घालते, तिला चांगलं झालंय असं एकदा तोंडाने सांगा हो.

प्रश्न : आम्ही चौघं ऐरोलीत रूम घेऊन राहतो, सगळे आयटीत, रात्री नऊला घरी. एक इंडक्शन, एक कढई, मिक्सर नाही. खिमा पाव होईल का?
– ऐरोलीहून चौघं

उत्तर : होईल, आणि अर्ध्या तासात होईल. दोन कप दाणेदार सोया, त्यावर पावणेदोन कप उकळतं पाणी, पाण्यात मीठ आणि चमचाभर सोया सॉस, दहा मिनिटं झाका. पाणी बेताचं असलं की पिळायची गरज पडत नाही, सगळं ते स्वतःच पितं. नवीन पॅकेटला वास येत असेल तर मात्र एकदा जास्त पाण्यात भिजवून गाळून पिळा. कढईत तेल जरा हात सैल सोडून घाला, तेज पान, दोन लवंगा, चार कांदे बारीक चिरून चांगले लाल करा, लालच, गुलाबी नाही, कारण खिम्याला सगळी गोडी तिथूनच येते, आलं लसूण पेस्ट विकतची चालेल, दोन टोमॅटो, हळद, तिखट, गरम मसाला, मूठभर मटार, तेल सुटलं की खिमा टाकून पाच सात मिनिटं कोरडा परता, खाली थोडा चिकटायला लागला पाहिजे, तो खरवडून परत मिसळा, चव तिथे आहे. मग अर्धा कप पाणी, झाकण, पाच मिनिटं. वरून लिंबू, कोथिंबीर, एक छोटा तुकडा बटर. पाव भाजून घ्या रे, गार पाव नको. उरलेला फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. आणि जेवणं रात्री अकराला करू नका रोज, शनिवारी दुप्पट करून डब्यात भरून ठेवा.

प्रश्न : आम्ही सीकेपी, खिमा पॅटिसशिवाय आमचं पान हलत नाही, श्रावणात सोयाचा खिमा घालून करते पण तळताना फुटतात आणि सारण भुसभुशीत होतं. वाण्याकडून सुटा सोया आणला तो तर जुन्या तेलासारखा वास मारत होता.
– एक काकू, नौपाडा

उत्तर : काकू, वासाचं आधी, तो खिमा टाकून द्या. थोडंसं तेल त्यात राहिलेलं असतं ते खूप दिवस उघड्यावर राहिलं की खवट होतं, कितीही धुतलं तरी जात नाही. बंद पॅकेट, तारीख बघून घ्यायचं आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. जांभळी नाक्याला जाणं होतच असेल तुमचं, तिथे सुटा घ्यायचा तर जिथे गिऱ्हाईक जास्त तिथून घ्या आणि मुठीत धरून आधी वास घ्या.

सारण भुसभुशीत होतं कारण मटणाचा खिमा शिजून स्वतःच एकमेकाला धरून राहतो, सोयाचे दाणे सुटे ते सुटेच. म्हणून भिजवून पिळलेला खिमा मिक्सरला एकदाच फिरवा, अगदी अर्धा सेकंद, म्हणजे त्यातला थोडा बारीक होऊन बाकीच्याला धरतो. मग कांदा परतून, मसाले घालून एकदम कोरडा होईपर्यंत परता, शेवटी चमचाभर भाजलेलं बेसन भुरभुरा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण भरलंत की वाफ धरते आणि बटाट्याचं आवरण तळताना फुटतं, तुमचं बहुतेक तिथेच होतंय. बटाटे पण आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवलेले घ्या, पाणी कमी सुटतं. अंड्यात घोळवता येणार नाही श्रावणात, तर मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची पातळ पेस्ट आणि वर रवा. भरून झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये, मग तळा. पुदिना सारणात विसरू नका, तुमच्याकडे तो असतोच.

प्रश्न : मला गहू चालत नाही, सीलिअॅकचं निदान झालंय. मैत्रिणी सोया चाप खायला नेतात, सोयाच आहे म्हणून मी पण खाल्लं आणि दोन दिवस आजारी पडले. वड्या पण सोडू का?
– एक वाचक, बेलापूर

उत्तर : अगं चाप आणि वडी एक नाहीत. काडीवर गुंडाळलेला चाप करताना सोयाच्या पिठात मैदा किंवा गव्हाचं ग्लूटेन मिसळतात, त्यानेच तो ताणला जातो आणि चिवट लागतो, म्हणजे तुझ्यासाठी तो गहूच. साधी वडी नुसत्या सोयाची असते, पण पॅकेटवर घटक वाचल्याशिवाय घेऊ नकोस आणि त्याच कारखान्यात गहू हाताळतात असं लिहिलं असेल तर ते पॅकेट नको. मसाला लावलेल्या तयार पाकिटांना हात लावू नकोस. घरी करताना सोया सॉस टाळ, साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि हिंगाची डबी पण उलटून बघ, आपल्याकडच्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं ते शोधून घे.